दोनशे चौदा नंबरचा शर्ट

आमच्या गल्लीतल्या मेलेल्या माणसांना नंबर आहेत. नवीन कुणी राहायला आलं की हे ऐकून त्याला कसंनुसं होतं. मग शेजारीपाजारी त्याला आमच्या दुकानात पाठवतात आणि मी हातातली इस्त्री बाजूला ठेवून, कपाळाला आठ्या घालून, सगळं पहिल्यापासून सांगते. आठ्या यासाठी की कामाच्या वेळी मला गप्पा खपत नाहीत. आणि सांगते यासाठी की ते आमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

आमची लाँड्री आहे. आईच्या वडिलांनी काढली, आईनं चालवली, आता माझ्या गळ्यात पडली आहे. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर असतो आणि तो त्याच्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं घातलेला असतो. शर्टाला कॉलरच्या आत, चादरीला कोपऱ्यात. वहीत नंबरापुढे नाव आणि पत्ता. युद्धाच्या वर्षी या शहरावर अकरा दिवस बॉम्ब पडले. नवव्या दिवशी संध्याकाळी एक स्टेशनच्या वेटिंग हॉलवर पडला. तिथून बाहेर काढलेली माणसं ना चेहऱ्यावरून ओळखू येईनात, ना अंगकाठीवरून. त्यांना गल्लीच्या टोकाला शाळेच्या आवारात आणून ठेवलं, एकेकाची कॉलर उलटून नंबर वाचला, आणि आमच्या वहीतून नावं काढली. अशी एकतीस माणसं ओळखली गेली. शहराबाहेर न्यायला रस्ता उरला नव्हता, म्हणून त्यांना आवारातच कुंपणालगत पुरलं आणि उशाशी एकेक दगड ठेवून त्यावर घाईघाईनं नंबर कोरला. नावं सावकाश कोरू असं ठरलं होतं. पण पुढे घरच्यांनाच त्या नंबरांची सवय झाली, आणि ते तसेच राहिले.

ज्यांचं काहीच हाती लागलं नाही ते बेपत्ता. त्यात माझा मामा, आईचा एकुलता एक भाऊ. तो बुटका होता आणि सारखी बडबड करायचा म्हणून आई त्याला चिमण्या म्हणायची. एवढंच मला माहीत होतं. त्याच्याबद्दल काही विचारलं की आईला नेमकं कुठलं तरी काम आठवायचं.

त्या अकरा दिवसांत लोक तळघरात राहायचे. वरचं घर कोसळलं तर खाली माणसं आहेत हे बाहेरच्यांना कळावं म्हणून खिडकीतून पांढरी चादर सोडायची. चादर दिसली की लोक तिथे खणायला लागायचे. माझ्या आजोबांनी तेव्हा दुकानातली कपाटं उघडून गिऱ्हाइकांच्या सगळ्या चादरी गल्लीत वाटून टाकल्या होत्या. म्हणून दर वर्षी त्या नवव्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीतून पांढरी चादर सोडतात. ज्यांच्या घरातलं माणूस शाळेच्या आवारात आहे, त्यांच्या चादरीवर त्याचा नंबर असतो. आमची कोरी असते. घरच्या कपड्यांना आम्ही नंबर घालत नाही. आपले कपडे आपल्याला ओळखू येतातच.

मग भोंगा होतो आणि सगळे शाळेच्या आवारात पाच मिनिटं उभे राहतात. प्रत्येक दगडाजवळ एक खुर्ची असते, ती नात्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची. आई मात्र आत यायचीच नाही. फाटकाशी उभी राहायची, तेही आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. मला त्याचा भयंकर राग यायचा. सगळं शहर मान खाली घालून उभं आणि ही आपली बस बघत असल्यासारखी! एकदा मी तिला तसं बोलूनही दाखवलं होतं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, तशीच उभी राहिली.

या वर्षी स्मरण समितीच्या अध्यक्षांच्या डोक्यात प्रदर्शन आलं. अध्यक्ष म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे घड्याळवाले. वेळेचा धंदा करतात आणि स्वतःच्या घरच्या चादरी दर वर्षी सगळ्यात शेवटी आणून टाकतात. "जुन्या वस्तू द्या," असं ते दारोदार सांगत फिरले आणि गल्लीनं माळे रिकामे केले.

त्यातच एका सकाळी बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली आहे, मीसुद्धा. दोनशे चौदा नंबरचा दगड त्यांच्या भावाचा. तो गेला तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या. पुढे शिकल्या, चांगल्या मोठ्या शाळेत नोकरी लागत होती ती सोडून इथेच आल्या, आणि कुंपणाकडच्या खिडकीचा वर्ग मागून घेतला. आम्हाला पाढे म्हणायला लावून त्या खिडकीशी उभ्या राहायच्या. बाईंचं लक्ष नाही असं समजून आम्ही बाकाखाली खेळायचो. आता त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, आणि आईला ताई म्हणतात. आईचं आणि त्यांचं फार. आजारपणात डबा, जिना चढताना हात, सगळं एकमेकींना. बाईंच्या चादरीला तर आई मला हातसुद्धा लावू देत नाही, स्वतः धुते.

"हा द्यायचा की नाही यावर आठ दिवस घालवले मी," बाई म्हणाल्या आणि काउंटरवर एक कागदी पुडकं ठेवलं. "दादाचा शर्ट. त्याच्या अंगावर होता तो. आईनं धुऊन ठेवला होता. अध्यक्षांना टांगायचाय, पण तसा टांगला तर फाटेल. मागून कापड लावून टाचून देशील?"

"देते की. डाग काढायचे का?"

"नको," बाई म्हणाल्या. "निघत असते तर आईनंच काढले असते."

पुडक्यात त्यांच्या भावाचा फोटोही होता, शर्टाशेजारी लावायला. नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होता तो. फोटोत टेबलाशी उभा होता, ताडमाड उंच, आणि हात एवढे लांब की कोटाच्या बाह्यांतून मनगटं बाहेर आलेली.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी शर्ट मोठ्या टेबलावर पसरला. कापड विरून जाळी झालं होतं. कॉलरच्या आत लाल दोऱ्यात दोनशे चौदा, रंग अजून शाबूत. टाचायला कुठे बळकट जागा आहे ते बघत बघत बाह्यांपाशी आले आणि थांबले. दोन्ही बाह्या दंडाच्या वर आतून दुमडून चार बोटं आखूड केलेल्या होत्या. आणि तो टाका कच्चा होता. कच्चा टाका म्हणजे आज घालायचा, उद्या ओढून काढायचा. दुमड कायम ठेवायची असती तर कुणीही पक्की शिवण घातली असती.

मी फोटोकडे बघितलं. ज्याच्या बाह्या मुळातच अपुऱ्या, तो त्या आणखी आखूड कशाला करून घेईल?

टाके उजवीकडे कललेले होते. आमच्या दुकानात सगळ्यांचे टाके डावीकडे कलतात, एक आई सोडून. आई डावखुरी आहे. तिच्या हातचा टाका मी शंभरांत ओळखीन. तिच्याकडूनच शिकले आणि टाका उलटा पडतो म्हणून तिच्याच हातचे फटके खाल्ले.

आई आतल्या खोलीत बटणं निवडत बसली होती. शहाऐंशी वय, पण बटणांचा डबा अजून तिच्याच ताब्यात. मी शर्ट तिच्यापुढे धरला आणि बाही उलटून दाखवली. तिच्या हातातली बटणं डब्यात पडली, आणि ती बराच वेळ त्या बाहीवरून बोट फिरवत राहिली.

"सकाळी उसवणार होते," ती म्हणाली.

मी खाली बसले.

"त्याचं लग्नाचं बोलणं चाललं होतं," आई म्हणाली. "ती मुलगी आणि तिच्या घरचे गावाला निघाले होते, बॉम्बला घाबरून. चिमण्याला स्टेशनवर जायचं होतं निरोप द्यायला. त्याचे दोन शर्ट, दोन्हींना ठिगळं. म्हणाला, अगं, असा कसा जाऊ? मग मी फळीवरचा एक काढून दिला. इस्त्री केलेला. एका संध्याकाळचा प्रश्न. तुला काय सांगायचं, सगळ्याच लाँड्रीवाल्यांच्या घरात चालतं हे."

ते खरं आहे. गिऱ्हाइकाचा चांगला कपडा संध्याकाळी घालायचा, रात्री धुवायचा, सकाळी पुन्हा फळीवर. कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी माझ्या अंगावर कुणाचं स्वेटर होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"दुसऱ्या दिवशी शाळेत मला टेबलाशी बसवलं, वही घेऊन. अक्षर ओळखणारी मीच. ते नंबर ओरडायचे, मी नाव वाचायची. दोनशे चौदा म्हणाले. मला तिथेच कळलं. पण समोर बाईची आई उभी होती. मी वहीत होतं ते वाचलं. तिनं असा काही हंबरडा फोडला की माझ्या तोंडून पुढे शब्दच फुटेना. पुढचा नंबर आला. मी तोही वाचला."

"मग नंतर? नंतर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? गिऱ्हाइकाचा शर्ट मी भावाला घातला म्हणून? बाबांनी तर त्याच आठवड्यात लोकांच्या चादरी वाटल्या होत्या. लोक त्यांच्या पाया पडत होते." तिनं शर्टाची घडी घालायला घेतली. "आणि म्हटलं, तिचा मुलगा जिवंत असेल तर येईलच की घरी. तो आला की आपोआप सगळं कळेल. शिव्या खाऊ. त्या दिवशी तो पुलापलीकडे कामाला गेला होता. मी रोज वाट बघितली गं त्याची. देवाशपथ सांगते, चिमण्यासाठी रडायच्या आधी मी त्याची वाट बघत होते."

मला एकदम ते फाटक आठवलं. तिथून सरळ पुलाचा रस्ता दिसतो. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

"मला बाईला सांगायचंय," आई म्हणाली.

"वेडी झालीस का?" मी ओरडलेच. "अडुसष्ट वर्षं ती बाई त्या दगडाशी बसतेय. नोकरी सोडली तिनं त्या दगडापायी. आता या वयात तिच्याकडून भाऊ काढून घेणार तू?"

"काढून तेव्हाच घेतला. आता फक्त कबूल करायचंय." मग ती हळूच म्हणाली, "आणि मी गेले की चिमण्या तिथे आहे हे कुणालाच माहीत नसेल. त्याच्या नावानं कुणी एकदा तरी तिथे बसावं असं वाटतं मला. माझ्याच्यानं आता हे लपवणं नाही होत."

शेवटी मी उठले. तिला कोट चढवला आणि बाईंच्या जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या दर चार पायऱ्यांना थांबत चढवल्या.

बाईंनी चहा टाकला. आईनं तो गाळूही दिला नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शर्ट, स्टेशन, वही, बाह्या, फाटकाशी वाट बघणं. मी शर्ट सोबत नेला होता. बाईंनी चष्मा लावून टाके पाहिले, एका बाहीचे, मग दुसऱ्या बाहीचे. शाळेत वही तपासायच्या तशा.

"आई म्हणायची," त्या अखेर बोलल्या. "शेवटपर्यंत म्हणायची, या बाह्या मी दुमडल्या नव्हत्या. आम्ही तिला गप्प करायचो. म्हणायचो, आई, पुरे झालं."

बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे दादा कुठे आहे?"

"मला नाही माहीत गं."

"आम्ही त्याला शोधलं नाही, ताई." बाईंचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी शाळेतसुद्धा ऐकला नव्हता. "लोक दवाखाने पालथे घालत होते, पलीकडच्या गावांत जाऊन विचारत होते. आम्ही कुठे गेलो नाही. आमचा सापडला होता ना! तो कुठेतरी पडला असेल, कुणीतरी येईल म्हणून बघत असेल, आणि आम्ही इथे चिमण्यासाठी रडत बसलो होतो. तू आमच्या घरी जेवलीस. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिचे पाय चेपलेस. तेव्हाही नाही सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या. "शर्ट राहू दे इथेच."

उतरताना आई एकदाही थांबली नाही. घरी आल्यावर तिनं बटणांचा डबा घेतला आणि निवडलेलीच बटणं पुन्हा निवडायला बसली.

पुढचे नऊ दिवस फार वाईट गेले. दुकानात चादरींचा डोंगर, एकशे चाळीस चादरी, माझी पाठ मोडायची वेळ आली होती आणि तरी माझं सगळं लक्ष दाराकडे. बाईंची चादर आली नाही. अध्यक्ष येऊन विचारून गेले, शर्ट कुठे आहे, फलक तयार आहे, खिळा ठोकलाय. मी त्यांना म्हटलं, खिळ्याला तुमचं एखादं घड्याळ टांगा. ते बिचारे गेले. आई जेवायची कमी, बोलायची त्याहून कमी. मला तिचा राग यायचा, मग तिच्या अठराव्या वर्षाची कीव यायची, आणि मग पुन्हा बाईंची आई आठवायची, जिला सगळ्यांनी गप्प केलं होतं.

स्मरणाचा दिवस उजाडला. दुपारी गल्लीत चादरी सुटायला लागल्या. मी आमची कोरी चादर सोडली आणि समोर बघितलं. बाईंची खिडकी बंद. आईनंही बघितलं.

"मी नाही येत आज," ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं उभी राहू?"

तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं. बाई होत्या. शाळेत मोठ्या दिवशी घालायच्या तो करडा कोट, काखेत घडी केलेली चादर. डोळे सुजलेले.

"चल, ताई," त्या म्हणाल्या. "भोंग्याला वेळ नाही फार."

"बाई, अगं..."

"मी अजून रागावलेली आहे. ते राहू दे. चल."

आम्ही तिघी गल्लीतून निघालो. लोक बघत होते, दोनशे चौदाची खिडकी रिकामी कशी म्हणून कुजबुजत होते. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर आई सवयीनं थांबली. बाईंनी तिचा दंड धरला आणि तिला सरळ आत नेलं, कुंपणाच्या कडेनं, नंबर वाचत वाचत. दोनशे चौदाच्या दगडाजवळ खुर्ची होती.

"बस," बाई म्हणाल्या.

"ही तुझी खुर्ची आहे."

"अगं बस. सगळे बघतायत. मी म्हणते ना, बस." वर्गात म्हणायच्या तसं म्हणाल्या. आई बसली.

प्रदर्शनाच्या टेबलावर शर्ट आला होता. मी तो टाचून दिला नव्हता, बाईंनी स्वतःच टाचला होता, वेडावाकडा, पण बाह्या दुमडलेल्याच ठेवल्या होत्या. टाक्यांची बाजू वर काढली होती. खाली त्यांच्या सुरेख अक्षरात कागद होता: "शर्ट माझ्या भावाचा. घातला होता ताईच्या भावानं." अध्यक्ष तो कागद पुन्हा पुन्हा वाचत उभे होते आणि त्यांना काही उमगत नव्हतं. मी म्हटलं, उद्या दुकानात या, सांगते.

भोंगा झाला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आई खुर्चीतून पुढे वाकली, दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "चिमण्या." एवढंच. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी, आणि पाच मिनिटांच्या त्या शांततेत तिला कुणी गप्प केलं नाही.

मी बाईंना शोधायला वळले. बाई फाटकाशी होत्या. त्यांनी आपली चादर उलगडून फाटकाच्या गजांवर अडकवली होती, नंबर बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल असा. आणि त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

मी जवळ गेले. पुलाकडून एक सायकलवाला येत होता, त्याच्याकडे त्या बघत होत्या. तो निघून गेला.

"ताई इथेच उभी राहायची ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई. इथेच."

"अडुसष्ट वर्षं. आमच्या दादासाठी." त्यांनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली. "आता तिला बसू दे जरा. मी बघते."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, रस्त्याकडे तोंड करून.